चाकावर लिहिलेला इतिहास

रस्त्याच्या कडेला बसगाडीची वाट पाहत उभे असतां आपली दृष्टि पाटीकडे असते, आंतल्या गर्दीकडे असते, घड्याळाकडे असते. चाकाकडे मात्र कोणाचीच नसते. तरी त्या चाकाच्या काळ्या रबरावर कांहीं आंकडे ठसठशीत उमटविलेले असतात. जुन्या गाडीवर ते '३६ × ८' असे असतील, तिच्या धाकट्या बहिणीवर '९.००–२०' असे असतील, आणखी अलीकडच्या गाडीवर '१० आर २२.५', आणि अगदीं नव्या गाडीवर '२७५/८० आर २२.५' असेहि असूं शकतील. अपरिचित मनुष्याला वाटेल कीं, हीं चार निरनिराळ्या चाकांचीं नांवें आहेत. वस्तुतः एकाच जातीच्या चाकाला एकामागून एक आलेल्या चार पिढ्यांनीं ठेवलेलीं हीं नांवें आहेत. यांपैकीं शेवटच्या तिन्ही नांवांचे टायर शेजारीं शेजारीं उभे केले तर प्रत्येकाची उंची सुमारें ४० इंचच भरेल. मग नांवें कां बदललीं? श्रोतेहो, आज याच प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. जुन्या बसगाड्या जपून ठेवणाऱ्या मंडळींना हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. त्याचें उत्तर चुकलें तर गाडी अडते इतकेंच नव्हे, प्रसंगीं माणूस दगावतो.

आपल्याकडील सुतार-लोहारांना चाकाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर लांकडाचा घेर, आणि सर्वांच्या बाहेरून तापवून चढविलेली लोखंडी धांव, असें बैलगाडीचें चाक सिद्ध होतें. इंग्रजी 'टायर' शब्दाचा मूळ अर्थहि आपल्या 'धांव' या शब्दासारखाच: लांकडी चाकाला बाहेरून घातलेलें लोखंडी आवरण. असें चाक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती त्याची बाहेरची उंची. चाक किती उंच, यावर गाडीची साटी किती उंच हें ठरे, आणि बैल किंवा घोडा यांना ओढ किती पडेल हेंहि ठरे. म्हणून घोड्यांच्या गाड्या करणारे कारागीर चाकाचें बाहेरचें माप प्रथम सांगत. मोटारीचा जन्म झाला तेव्हां ही दृष्टि तिच्याकडे वारशानें आली. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पहिल्या आंकड्याचें कोडें पुढें आपोआप सुटेल.

प्रवाशांना वाहून नेणाऱ्या आरंभींच्या मोठ्या मोटारगाड्यांच्या चाकांवर हवा नव्हती. भरीव रबराची जाड पट्टी होती. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीनें १९१० सालीं रस्त्यावर आणलेली 'बी' जातीची बस ही मोठ्या संख्येनें निघालेली जगांतील पहिली बस मानली जाते. तिचीं चाकें अशाच भरीव रबराचीं होतीं. पहिल्या महायुद्धांत या जातीच्या सुमारें ९०० गाड्या सैनिकांची ने-आण करण्यासाठीं समुद्रापलीकडे गेल्या, आणि फ्रान्स व बेल्जम येथील फुटक्या रस्त्यांवर त्यांनीं काम दिलें. भरीव रबर फुटत नाहीं, त्यांत खिळा शिरला तरी गाडी थांबत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु रस्त्याचा प्रत्येक धक्का तें सरळ वर पोंचवितें. प्रवाशाचीं हाडें, गाडीची कांच आणि रस्त्याची फरसबंदी या तिघांनाहि त्याचा प्रसाद मिळतो. त्या काळीं इंग्लंडांत अशा जड गाड्यांना ताशीं १२ मैलांची वेगमर्यादा होती, ती केवळ सरकारच्या भित्रेपणामुळें नव्हे.

हवेच्या टायरची कल्पना मात्र यापूर्वीं पुष्कळच जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें; पण तेव्हां तिला योग्य अशी गाडीच नव्हती. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच कल्पना स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली, आणि सायकलींच्या प्रसाराबरोबर ती जगभर गेली. १८९५ सालीं फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत हवेच्या टायरांची मोटार उतरविली. हलक्या मोटारींनीं हवेचा स्वीकार लवकर केला; जड गाड्यांना मात्र आणखी पाव शतक थांबावें लागलें. कारण उघड आहे. पांच-सहा टनांचें ओझें हवेवर तोलावयाचें तर ती हवा फार दाबून भरली पाहिजे, आणि तो दाब सोसणारें कापड तेव्हां विणलें जात नव्हतें. १९१७ सालीं अमेरिकेंतील गुडइअर कंपनीनें हवेच्या टायरांवर एक मालमोटार ॲक्रनहून बोस्टनला पाठविली. पहिल्या फेरींत इतके टायर फुटले कीं, कांहीं दिवसांचा प्रवास आठवड्यांवर गेला. परंतु कंपनीनें हट्ट सोडला नाहीं. टायर सुधारत गेले आणि त्याच वाटेवर पुढें नियमित फेऱ्या होऊं लागल्या. लंडनमध्यें १९२३ सालीं आलेली 'एन. एस.' जातीची दुमजली बस प्रथम भरीव रबरावरच धांवली. तिच्या चाकांत हवा आली ती १९२८ च्या सुमारास.

याच संधिकालांत मुंबईनें बसगाडी पाहिली. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर शहरांतील पहिली बस धांवली. १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्यांनीं मुंबईकरांना लोखंडी रुळांवरून फिरण्याची संवय लावली होती. रुळांवरील लोखंडी चाकाला रबराची गरज नसते. पण रूळ नेतील तेथेंच तें जातें. बसनें रुळांचें बंधन तोडलें, आणि त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून टायरांचा खर्च पत्करला.

आतां आपण पहिल्या आंकड्याकडे येऊं. '३६ × ८' याचा अर्थ असा कीं, टायरची बाहेरची उंची ३६ इंच आणि त्याच्या पोटाची जाडी ८ इंच. येथें बाहेरचें माप आधीं सांगितलें आहे. हीच ती गाडीवाल्या कारागिराची दृष्टि. परंतु हा टायर ज्या लोखंडी कड्यावर, म्हणजे रिमवर, बसवावयाचा त्याचें माप यांत कोठेंच नाहीं. तें वाचणाऱ्यानें वजाबाकीनें काढावयाचें. ३६ मधून वरचे ८ आणि खालचे ८ वजा केले म्हणजे २० उरतात. त्याच रीतीनें '३४ × ७' मधून दोनदां ७ वजा करा, '३२ × ६' मधून दोनदां ६ वजा करा, '३० × ५' मधून दोनदां ५ वजा करा; प्रत्येक वेळीं २०च हातीं लागतात. दिसावयास चार वेगळे टायर, पण आंतील कडें एकाच २० इंचांच्या कुळांतलें. याउलट '३८ × ७' हा '३४ × ७' चा सख्खा भाऊ वाटतो. वजाबाकी केली कीं त्याचें कडें २४ इंचांचें निघतें, आणि तो २० इंची चाकावर कधींच बसणार नाहीं.

या पद्धतीची अडचण फोर्डच्या प्रसिद्ध 'टी' मोटारीनें उत्तम दाखविली. आरंभींच्या काळांत तिच्या पुढील चाकांना ३० × ३ आणि मागील चाकांना ३० × ३½ असे टायर असत. बाहेरून चारही चाकें तीस इंचांचीं, दिसावयास सारखीं. परंतु वजाबाकी केली तर पुढचें कडें २४ इंचांचें आणि मागचें २३ इंचांचें. पुढचा टायर मागें चालत नसे, मागचा पुढें चालत नसे, आणि जवळ बाळगावयाचे जादा टायरहि दोन प्रकारचे घ्यावे लागत. जें माप जुळल्यावांचून टायर चाकावर चढतच नाहीं, तेंच माप नांवांत नव्हतें.

शिवाय या नांवांत दुसराहि एक दोष शिरला. टायर जसजसे अधिक पुष्ट होत गेले, तसतसें त्यांचें खरें अंग नांवाहून वाढलें. नांव मात्र तेंच राहिलें. म्हणून जुन्या टायरवर ३६ वाचून फूटपट्टीनें ३६ इंच शोधूं गेल्यास निराशा पदरीं येते. पूर्वीं शेर आणि पायली यांचें माप गांवोगांव निराळें असे, पण नांव एकच असे, त्यांतलाच हा प्रकार.

१९२३ पासून अमेरिकेंत कमी दाबाचे, फुगीर अंगाचे 'बलून' टायर आले आणि जुनें गणित पारच विसकटलें. तेव्हां कारखानदारांनीं नांव ठेवण्याची रीत उलटी केली. पोटाची जाडी आधीं आणि कड्याचा व्यास नंतर, असा नवा क्रम पडला. बाहेरची उंची नांवांतून गेली. आंतलें कडें नांवांत आलें. '९.००–२०' म्हणजे नाममात्र ९ इंच जाडीचा, २० इंची कड्यावर बसणारा टायर. ज्या कड्यावर ३६ × ८ बसे, त्यावरच हा बसतो. म्हणून जुन्या ३६ × ८ चा वारस तोच. आपल्याकडील मालमोटारी आणि बसगाड्या यांच्यावर ९.००–२० आणि १०.००–२० या दोन मापांनीं कित्येक दशकें राज्य केलें. टायरवाल्याच्या तोंडीं त्यांतील बिंदु गळून पडला आणि ते 'नऊशे-वीस' आणि 'हजार-वीस' झाले.

या टायरांच्या पोटांत प्रारंभीं सुती दोऱ्यांच्या कापडाचे थर असत, आणि थर जितके अधिक तितकें बळ अधिक. थरांची संख्या टायरवर लिहिण्याची चाल त्यामुळेंच पडली. पुढें रेयॉन आणि त्यानंतर नायलॉन यांचे दोरे आले. थोडक्या थरांत तेंच बळ मिळूं लागलें. तरी आंकडा जुन्याच भाषेंत राहिला. '१६ पी. आर.' असें टायरवर दिसलें, तर आंत सोळा थर आहेत असें कोणीं समजूं नये. एके काळीं सोळा सुती थरांना जें बळ असतें, त्याच्या तोलाचें बळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदुस्थानांत टायर घडविण्याचा मोठा उद्योग १९३६ सालीं हुगळी-कांठच्या साहागंज येथें डनलॉपच्या कारखान्यानें सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं महायुद्ध पेटलें. १९४२ च्या आरंभीं मलाया आणि त्यापाठोपाठ डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेले, आणि जगाच्या रबराचा मुख्य झराच आटला. टायरांवर नियंत्रणें आलीं. पेट्रोलची टंचाई आणि टायरांचा दुष्काळ अशा दुहेरी कात्रींत कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धापा टाकूं लागल्या. त्या दिवसांत झिजलेल्या टायरवर नवें रबर चढवून तो पुन्हां चालविणें ही गरज होती. अशा ओढाताणीच्या काळानंतर, १ जून १९४८ रोजीं, पुणें ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस निघाली, आणि खेड्यापाड्यांतील मनुष्याला 'एस. टी.' हा शब्द मिळाला.

आतां या विषयाच्या कठोर भागाकडे वळतों. २० इंची कड्याची रचना अशी कीं, तें एकसंध नसतें. जड टायरची तारबंद कड हातानें ताणून कड्यावरून चढवितां येत नाहीं; म्हणून कड्याची एक बाजू सुटी ठेवलेली असते. टायर, ट्यूब आणि तिच्याखालचा फ्लॅप बसविल्यावर सुटी बाजू लावावयाची, आणि लोखंडी रिंगेनें ती अडकवावयाची. मग हवा भरावयाची: दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड दाबाची. एवढ्या दाबानें ती रिंग कित्येक टनांच्या बळानें बाहेर ढकलली जात असते. रिंग गंजलेली असेल, वांकलेली असेल, किंवा दुसऱ्या जातीच्या कड्याची असूनहि केवळ बसते म्हणून बसविलेली असेल, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. या अपघातांत जगभर पुष्कळ कामगारांचे प्राण गेले आहेत. अमेरिकेंत १९८० सालीं या कामासाठीं स्वतंत्र नियम झाले. हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें आणि वेगवेगळ्या जातींचे भाग एकत्र करूं नयेत, हा त्यांचा गाभा होय. जुनी गाडी जपणाऱ्यानें तर हा नियम देवघरांतील नेमासारखा पाळावा. कारण त्याच्याकडील रिंगा त्याच्या वडिलांच्या वयाच्या असतात.

या धोक्यावरचा उपाय म्हणून १९५५ च्या सुमारास अमेरिकेंत ट्यूबविरहित टायर आणि एकसंध कडें यांची जोडी पुढें आली. एकसंध कड्यावर टायर चढवावयाचा तर कड्याच्या मध्यभागीं खोलगट चर हवा. टायरची एक बाजू त्या चरांत उतरविली म्हणजे दुसरी बाजू कांठावरून आंत घेतां येते. परंतु चर खालीं गेला कीं तो ब्रेकच्या ड्रमला भिडणार. म्हणून कड्याचाच व्यास वाढविला, आणि बाहेरची उंची कायम राहावी म्हणून टायरचें अंग तेवढेंच आंखूड केलें. अशा रीतीनें २० चे २२.५ झाले. हा अर्धा इंच म्हणजे एक खूण आहे: आंकड्याच्या शेवटीं साडेबावीस दिसले कीं कडें एकसंध आहे आणि आंत ट्यूब नाहीं, असें समजावें. मधला 'आर' हा इंग्रजी 'रेडियल' शब्दाचें आद्याक्षर. १९४६ सालीं मिशेलिननें पेटंट घेतलेल्या या बांधणींत दोरे तिरपे न जातां आंतून बाहेर, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें, सरळ जातात.

जुन्या आणि नव्या मापांची सांगड घालण्याची किल्ली सोपी आहे. पहिल्या आंकड्यांत सुमारें एक मिळवा आणि २० च्या जागीं २२.५ लिहा. ८.२५–२० ऐवजीं ९ आर २२.५ येतो, ९.००–२० ऐवजीं १० आर २२.५, १०.००–२० ऐवजीं ११ आर २२.५, आणि ११.००–२० ऐवजीं १२ आर २२.५. 'दहाचा अकरा झाला, तेव्हां टायर रुंद झाला असेल' असें वाटणें स्वाभाविक आहे. पण मोजून पाहिलें तर १०.००–२० आणि ११ आर २२.५ या दोहोंची रुंदी सुमारें २८० मिलिमीटरच भरते, आणि उंचीहि जवळजवळ एकच. रुंदी बदललेली नाहीं. बदलली ती मोजणाऱ्याची रीत.

चौथी भाषा मिलिमीटर आणि प्रमाण यांची आहे. '२७५/८० आर २२.५' मध्यें २७५ मिलिमीटर ही रुंदी; तिच्या शेंकडा ८०, म्हणजे २२० मिलिमीटर, ही टायरच्या अंगाची उंची; आणि साडेबावीस इंचांचें कडें म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. दोनदां २२० मिळवून एकूण उंची सुमारें १,०१२ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ ४० इंच. शंभर वर्षांपूर्वीं वजाबाकी करून आंतलें कडें काढावें लागे. आतां बेरीज करून बाहेरची उंची काढावी लागते, एवढाच फरक.

ही बेरीज कोणीं आळसानें टाळली तर काय होईल? नव्या शहरी बसगाड्यांवर २७५/७० आर २२.५ हा टायर पुष्कळ आढळतो. पहिला आणि शेवटचा आंकडा तोच, फक्त ८० च्या जागीं ७०. परंतु त्याची उंची सुमारें ९५७ मिलिमीटर. तो चाळीस इंची चाकाच्या जागीं बसविला तर गाडी इंचभर खालीं येते, आणि इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत शेंकडा सहा अंतर कमी तोडते. वेगदर्शकांत ५० दिसतात तेव्हां गाडी ४७ नेच जात असते. याउलट मोठा टायर घातला तर तो चिखलरक्षकाला घासतो आणि चढावर इंजिनाचा दम काढतो. मागील जोडचाकांत एक उंच आणि एक ठेंगू टायर पडला तर उंच टायर सगळें ओझें एकटाच वाहतो आणि आधीं मरतो. या मापांत दोहोंच्या व्यासांतील फरक अर्ध्या इंचावर जाऊं देऊं नये. शिवाय चाक तुंब्याला ज्या बोल्टांनीं जखडतात त्यांचें वर्तुळहि पाहिलें पाहिजे: दहा बोल्टांचें अमेरिकन वर्तुळ ११¼ इंचांचें, तर यूरोपांतील ३३५ मिलिमीटरांचें. टायर बरोबर आणि चाक परकें, अशी फजिती होऊं शकते.

या सर्वांहून महत्त्वाचा आंकडा मापाचा नाहीं, वयाचा आहे. २००० सालापासूनच्या टायरांवर लहान चौकटींत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '१४२१' म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. सप्टेंबर १९१२ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, सप्टेंबर २०१२ मध्यें, इंग्लंडांतील सरे परगण्यांत तरुण प्रवाशांनीं भरलेल्या एका बसचा पुढील टायर फुटला आणि तिघे मृत्यु पावले. टायर झिजलेला नव्हता. त्यावरील नक्षी शाबूत होती. परंतु त्याचें वय १९ वर्षांहून अधिक होतें. रबर उभ्या उभ्याहि म्हातारें होतें, हें त्या दिवशीं पुन्हां सिद्ध झालें. त्यानंतर दीर्घ खटपट होऊन, १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्यें बसगाड्यांच्या पुढील आंसावर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास मनाई झाली. धंद्यासाठीं न चालविल्या जाणाऱ्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना त्या कायद्यांतून सूट आहे. कायद्यानें सूट दिली तरी रबर ती देत नाहीं, हें मात्र त्या गाड्यांच्या धन्यांनीं स्वतःच ओळखावयाचें आहे.

म्हणून जुनी बस जतन करणाऱ्यापुढें नेहमीं दोन वाटा असतात. मूळचें २० इंची कडें ठेवावें, तर गाडीचें रूप खरें राहतें, पण प्रत्येक रिंग पारखून घ्यावी लागते आणि माहितगार कारागीर शोधावा लागतो. २२.५ चें एकसंध कडें घ्यावें, तर टायर सहज मिळतात आणि हवा भरणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो, पण जुन्या चाकाचा मुखडा बदलतो. ज्या गाडींत पुन्हां प्रवासी बसणार आहेत, तिच्या बाबतींत मीं तरी दुसऱ्या वाटेला कौल देईन. जी केवळ संग्रहालयांत उभी राहणार आहे, तिचीं मूळचीं चाकें काढूं नयेत.

१५ सप्टेंबर २०२३ रोजीं मुंबईची जुनी डिझेलची दुमजली बस रस्त्यावरून निवृत्त झाली. १९३७ पासून शहरानें ओळखलेलें तें रूप पाहावयास त्या दिवशीं पुष्कळ लोक जमले, आणि त्यांनीं छायाचित्रें घेतलीं तीं वरच्या मजल्याचीं, पुढच्या खिडकीचीं. तें योग्यच आहे. परंतु अशी एखादी गाडी पुढें कोठें उभी दिसली, तर, श्रोतेहो, क्षणभर वांकून तिच्या चाकाकडेहि पाहा. तेथें कोणता आंकडा आहे तो वाचा, आणि वजाबाकी करावयाची कीं बेरीज, तें ठरवा. गाडी कोणत्या पिढीची, हें ती स्वतःच आपणांस सांगेल.